ने-आण, घरभेट की फोन? कॅन्सर पेशंटसाठी स्वयंसेवक होताना कोणतं काम घ्यावं

"कॅन्सर पेशंटसाठी काहीतरी करायचंय" असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पलंगाशेजारी बसलेला माणूस असतो. ते एक काम झालं. याखेरीज उपचाराला ने-आण, फोन, बऱ्या झालेल्या पेशंटने नव्या पेशंटला धीर देणं आणि पडद्यामागची मदत अशी बरीच कामं आहेत. एकाला सहज जमणारं दुसऱ्याला झेपत नाही. यातली काही मी वर्षानुवर्षं केली, एक अर्ध्यावर सोडलं. ठरवणाऱ्याला मी एकच विचारते: पुढचे सहा महिने, ठरल्या वारी, न चुकता काय जमेल? त्या घरात आधीच कशाचा भरवसा नसतो. रक्तातल्या पेशींचे काउंट कमी आले की केमो पुढे जाते, रिपोर्ट लांबतो. आपण तरी सांगितल्या वेळी दारात उभं राहावं.

ने-आण आणि घरभेट

खरी निवड बहुधा या दोन कामांत होते, म्हणून ती शेजारीशेजारी ठेवते.

ने-आण म्हणजे नुसती गाडी चालवणं, असं लोकांना वाटतं. रेडिएशन बहुतेकदा आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. मशीनवर पेशंट काही मिनिटंच असतो, पण जाणं-येणं रोजचं. घरच्यांच्या रजा इथेच संपतात. पाच स्वयंसेवकांनी एकेक वार वाटून घेतला तर कुटुंबाला श्वास घेता येतो, आणि तुम्हाला आठवड्यातून अर्धा दिवस पुरतो. केमोचं गणित वेगळं. ती बऱ्याचदा दोन किंवा तीन आठवड्यांनी येते, पण सकाळी गेलेला माणूस कधी सुटेल हे सांगता येत नाही. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.

गाडीत अत्तर किंवा सुगंधी डबी नको. केमोनंतर एरवी आवडणारा वासही उलटी काढतो. तोंड बंद होणारी पिशवी, नॅपकिन आणि पाणी हाताशी असावं. छातीत कॉलरच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची कातडीखालची डबी, बसवलेला असेल तर सीटबेल्ट तिथेच घासतो, मध्ये टॉवेलची घडी ठेवली की बरं पडतं. एक गोष्ट मी पेशंटकडूनच शिकले. एका बाईंना मी परत आणत होते. उतरताना त्यांनी बाही बोटांवर ओढून घेतली आणि मग दाराची मूठ धरली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गार लागलं की बोटांत सुया टोचतात गं." त्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन चालू होतं. या औषधानंतर काही दिवस गार वारा, गार पाणी किंवा गार धातूसुद्धा सोसत नाही, घसा आवळल्यासारखा होतो. आणि मी अख्खा रस्ता एसी लावून आले होते. त्या काही बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून गाडी सुरू करायच्या आधी मी विचारते.

मन गुंतवायला घाबरणाऱ्यांसाठी ने-आण चांगली सुरुवात आहे. दोघांची नजर रस्त्याकडे असते, त्यामुळे बोलणं आपोआप होतं, आणि परतीला पेशंट डोळे मिटून बसला तरी अवघडायला होत नाही. एखादा दिवस जमलं नाही तर बदली माणूसही मिळतो.

घरभेटीत तसं होत नाही. तिथे ते कुटुंब तुमचीच वाट बघत असतं. आठवड्यातून दोन तास एवढंच मागणं असतं, पण ते दोन तास मोडले की ठसठसत राहतं. एका घरी मी जायचे तिथल्या गृहस्थांना शब्दकोडं सोडवायचा नाद. मी सूचक शब्द वाचायचे, ते डोळे न उघडता उत्तर सांगायचे आणि किती अक्षरं म्हणून खात्री करून घ्यायचे. त्यांच्या पत्नी पहिल्या दिवशी "जरा बाहेरची कामं उरकते" म्हणाल्या, आणि शेजारच्या खोलीत दोन तास गाढ झोपल्या. पुढच्या तिन्ही वेळा तेच. मी पेशंटसाठी जातेय अशी माझी समजूत होती. घरभेटीचा निम्मा उपयोग सांभाळणाऱ्याला होतो, आणि तो होऊ द्यावा.

इथे काळजीही जास्त घ्यावी लागते. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तुम्हाला साधी सर्दी असली तरी त्या दिवशी जायचं नाही. पेशंटचा ताप 38 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता घरच्यांनी लगेच उपचार चालू असलेल्या हॉस्पिटलला कळवायचं असतं. औषधं देणं, उचलणं किंवा कूस बदलणं ही कामं शिकवल्याशिवाय करू नयेत. केमोनंतर निदान 48 तास उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घालावे लागतात, हे घरच्यांनाही कधीकधी कुणी सांगितलेलं नसतं.

आणि घरभेटीत मृत्यू भेटतो. घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर हे काम आत्ता घेऊ नका. कित्येक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्था, अशा माणसाला वर्षभर थांबायला सांगतात, ते बरोबरच आहे.

मी सोडलेलं काम हेच. शब्दकोड्याच्या घराचा अनुभव ताजा होता, त्या भरात दुसऱ्या घरी मी आठवड्याचे तीन दिवस कबूल केले. दीड महिन्यात ओढाताण सुरू झाली. एका मंगळवारी येत नाही म्हणून कळवलं, तर पलीकडून "हरकत नाही" इतक्या झटकन आलं की त्यांना ते अपेक्षितच होतं हे मला कळलं. एकच दिवस कबूल केला असता तर तो मी पाळला असता. केरळमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उभं केलेलं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, जाळं आहे. तिथे स्वयंसेवकाकडून अपेक्षा आठवड्याला किमान दोन तासांची असते. इतकं मोठं काम त्या दोन तासांवर उभं आहे, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

फोन

या कामाला लोक दुय्यम समजतात, मला ते पटत नाही. ज्यांना बाहेर पडता येत नाही, ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना हे उत्तम. फक्त वार नीट निवडा. केमोच्या दिवशी सगळे फोन करतात. उलटी थांबावी म्हणून बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं, त्यामुळे पेशंट टवटवीत बोलतो, त्याला झोपही येत नाही. स्टेरॉइड थांबलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातलं बळच जातं. नेमका तेव्हा फोन वाजत नाही. तो वार तुम्ही घ्या. "बरं आहे ना?" विचारलं की "हो" म्हणण्यावाचून त्याला पर्याय उरत नाही. "आजची सकाळ कशी गेली?" विचारावं आणि पुढची शांतता सोसावी.

स्वतः आजारातून गेलेल्यांसाठी

अमेरिकेत टेरेस लासर यांनी स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर 1952 साली 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं. जी त्यातून गेली आहे तिनेच नवीला भेटायचं, ही त्यामागची कल्पना. हे बळ दुसऱ्या कुणाकडे नसतं. धोकाही तिथेच आहे: कॅन्सर एकच असला तरी औषधं आणि टप्पा वेगळा असतो, आणि "मला तर काहीच त्रास झाला नाही" या वाक्याने समोरची व्यक्ती आपल्या त्रासाबद्दल बोलायची थांबते. तुमचं स्वतःचं स्कॅन जवळ आलं की मन डळमळेल, तेव्हा महिनाभर सुट्टी मागून घ्या.

हॉस्पिस आणि पडद्यामागचं

सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, त्याच्या कितीतरी आधी त्या मरणासन्न माणसांच्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जात होत्या. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते हे त्यांनी मांडलं. हॉस्पिसचं काम घरभेटीहून जड वाटतं, पण तिथे नर्स शेजारी असते, एकटं पडायला होत नाही. घरभेटीची भीती वाटणाऱ्या काहींना ते उलट सोपं जातं.

आजाऱ्यासमोर बसणं जमत नसेल तर अर्ज भरून देणं, निधी जमवणं किंवा प्लेटलेट देणं घ्या. प्लेटलेट जेमतेम पाच-सात दिवस टिकतात, त्यामुळे दाते सतत लागतात.

माझा कौल असा: नोकरी असेल आणि मन हळवं असेल तर रेडिएशनचा एक वार. घरात अडकला असाल तर चौथ्या दिवसाचा फोन. घरभेट मात्र यातलं काहीतरी सहा महिने निभावल्यावर. नाव नोंदवण्याआधी समन्वयकाला दोन गोष्टी विचारा: एखाद्या भेटीनंतर मला रात्री झोप लागली नाही तर मी कुणाला फोन करायचा? आणि मला थांबावं लागलं तर त्या घराला कोण सांगणार, माझ्या जागी कोण जाणार? पहिल्या प्रश्नाला माणसाचं नाव आणि नंबर मिळाला नाही, तर तिथे घरभेट घेऊ नका.