तपासणी चोख, पण खिडकीवरचं तोंड आवरा

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम. पोत्यातून मूठभर सोयाबीन काढायचं, ओलावा बघायचा आणि त्यावरून अख्ख्या ढिगाचा भाव धरायचा, हे रोजचं काम. त्यामुळं नमुना घेणाऱ्यांकडं माझं बारीक लक्ष असतं. पुतण्याची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा बघून त्यांची जात ओळखायची तपासणी, ज्या केंद्रामार्फत झाली त्याला पाचपैकी साडेतीन तारे. नाव लिहीत नाही. चूक एकाच पोराची होती.

पुतण्या पाच वर्षांचा. ताप हटेना, पायांवर काळेनिळे डाग. रक्ताचा कॅन्सर निघाला. स्टेरॉइड सुरू करायच्या आधीच डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढला. केंद्राचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आलेला. डॉक्टरांनी बर्फ काढायला लावला. पेशी जिवंत पोचायला हव्यात, नमुना साध्या हवेतच न्यायचा. माणसानं हुज्जत घातली नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नमुना पुण्याला, चौथ्या दिवशी रिपोर्ट तयार. इथवर पैकीच्या पैकी.

रिपोर्ट आणायला वहिनी गेली. खिडकीवरच्या पोरानं कागद चाळला न् म्हणाला, "सगळंच पॉझिटिव्ह आलंय की हो मावशी." सीडी१९, सीडी१०, सीडी२२, सीडी३४. करोनापासून आमच्याकडं पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच. वहिनी तिथंच पायरीवर बसली.

डॉक्टरांनी संध्याकाळी उलगडून सांगितलं. ही पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांची नावं. कोणती आहेत, कोणती नाहीत यावरून पेशीची जात कळते. सीडी१९ म्हणजे बी जातीची, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. सीडी१० तर असलेलंच बरं. पोरांत जास्त करून हाच प्रकार सापडतो आणि औषधाला दादही चांगली देतो. वर्षाच्या आतल्या बाळात ते नसलं की काळजी जास्त. पण नुसत्या सीडीवर भाव फुटत नाही. वय एक ते दहाच्या मधे आहे का, रक्तात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०,००० च्या आत आहेत का, गुणसूत्रांत बिघाड कोणता, हेही बघतात. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे महिनाभराच्या औषधानंतर किती रोगट पेशी उरल्या.

ती तपासणी एमआरडी. दहा हजारांत एक पेशी, म्हणजे ०.०१ टक्का, इतकं बारीक पकडतात. आमच्या ओलाव्याच्या मीटरला अर्धा टक्का इकडंतिकडं कुणी विचारत नाही! कुठल्या खुणांच्या पेशी शोधायच्या ते पहिल्या रिपोर्टवरून ठरतं, म्हणून तो कागद जपा. सुईतून आधी निघालेला मॅरोच एमआरडीला द्यायचा असतो, मागनं येणाऱ्यात रक्त मिसळतं.

आमचा ०.०१ च्या खाली आला. तो रिपोर्ट आणायला मी स्वतः गेलो न् बंद पाकीट मागितलं. "खिडकीवर रिपोर्ट वाचून दाखवू नका," असं मालकाला सांगितलं, तर "बघतो" म्हणाले. दीड तारा त्या 'बघतो'चा कापलाय.

रविवारी दुपारनंतर शटर खाली असतं. शनिवारी मॅरो काढणार असतील तर आधी फोन करून घ्या.