‘रिटर्न टू इनव्हॉइस’ ॲड-ऑन: घेण्यासारखं आहे, पण क्लेम कुठे अडतो ते आधी बघा

नव्या गाडीसाठी पहिली तीन वर्षं मूळ पॉलिसीला जोडून मिळणारं हे कव्हर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. टोटल लॉस (गाडी दुरुस्त करणं परवडू नये इतकं नुकसान) किंवा चोरी झाली तर साधी पॉलिसी फक्त आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून धरलेली गाडीची किंमत देते, आणि तो भराभर उतरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०. दहा लाखांची गाडी दीड वर्षाने चोरीला गेली, तर हातात साधारण आठ लाख येतात. वरचे दोन लाख ‘रिटर्न टू इनव्हॉइस’, म्हणजे आरटीआय, भरून देतं. बऱ्याच पॉलिसींत रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशनचा खर्चही मिळतो. मात्र हे कव्हर मूळ ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, क्लेमच्या खांद्यावर उभं असतं. मूळ क्लेम फेटाळला गेला की आरटीआयचा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात जास्त निराशा होते ती ७५ टक्क्यांच्या अटीमुळे. गाडी परत आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तरच टोटल लॉस धरतात. आयडीव्ही आठ लाख असेल तर ही रेषा सहा लाखांवर येते. वर्कशॉपचं एस्टिमेट पाच लाख ऐंशी हजारांचं निघालं, तर गाडी दुरुस्त होऊन मिळेल आणि आरटीआयचा एक रुपयाही मिळणार नाही. म्हणून पहिल्या एस्टिमेटवर सही करून मोकळं होऊ नका. जबर धडकेत चासीचा वाक, गिअरबॉक्स, वायरिंग यांचं नुकसान गाडी खोलल्यावरच दिसतं. खोलल्यानंतर सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, पुन्हा बोलवा, वाढीव एस्टिमेट लेखी घ्या, टोइंगचं बिल त्यात धरायला सांगा.

दुसरी अडचण पॉलिसीच्या मुदतीची. नव्या गाडीच्या कागदावर ‘३ वर्षं’ दिसतं, पण ते थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचं, असतं. ऑगस्ट २०२० पासून ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचं देतात, आणि आरटीआय त्यालाच जोडलेलं असतं. ते रिन्यू करायचं राहिलं की दोन्ही गेलं. रिन्यू करतानाही प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट हे ॲड-ऑन गाळतात, तेव्हा नव्या शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीतल्या कव्हरच्या तक्त्यात, त्याची ओळ आहे का ते बघाच.

मूळ क्लेम बुडवणारी कारणं ओळखीची आहेत: चालकाकडे वैध लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, खासगी गाडी भाड्याने फिरवणं, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीत नसणं. आधी क्लेम घेतलेला असताना नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) लावून घेतला असेल, तर तेही अंगाशी येतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते, आणि अनेक कंपन्या आरटीआय फक्त पहिल्या मालकालाच देतात.

चोरीच्या क्लेममध्ये गाडं अडतं ते किल्ल्यांवर. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक आधीच हरवली असेल, तर त्याच वेळी पोलिसांत नोंद करून कंपनीला लेखी कळवलेलं असावं. चोरीनंतर ‘एक किल्ली हरवली होती’ असं सांगितलं की संशय येणारच. किल्ली गाडीतच ठेवून उतरणं हा निष्काळजीपणा धरतात. एफआयआर ताबडतोब करा आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. एफआयआर वेळेत असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पुढे पोलिसांचा गाडी सापडत नसल्याचा अंतिम अहवाल लागतो. त्याला महिने जातात, म्हणून पाठपुरावा सोडू नका.

क्लेम मंजूर झाला तरी रक्कम कापली जाते. इनव्हॉइसमध्ये नसलेल्या ॲक्सेसरीज धरत नाहीत. डीलरने दिलेली सूट इनव्हॉइसवर असेल, तर भरपाई त्या कमी किमतीवरच बसते. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. थकलेले हप्ते, दंड आणि टॉप-अप कर्ज यांच्याशी आरटीआयचा संबंध नाही, त्यामुळे सगळी रक्कम जाऊनही बँकेचं देणं उरू शकतं.

नकार आला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. फक्त कागद अपुरे म्हणून क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयचं जून २०२४ चं मास्टर सर्क्युलर सांगतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे अर्ज करा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत.