आईच्या व्हीएचएस कॅसेट आणि प्रिया तेंडुलकर (५ पैकी ४ स्टार)

जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर करून मिळतात का असं शोधत कोणी इथे आलं असेल तर आधीच सांगते, मिळतात, काम एकदम मनापासून करतात, फक्त वेळ लागतो. पुढचं जरा लांबलंय कारण कॅसेट माझ्या आईच्या होत्या आणि त्यात अभिनेत्री प्रिया तेंडुलकर होती.

तीन कॅसेट होत्या. पहिलीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी, "रजनी, पुसू नये". आमचा मस्कतचा मामा १९८५ ला सुट्टीवर आला तेव्हा व्हीसीआर घेऊन आला होता, चाळीत तो एकच, आणि आईने त्यावर सगळ्यात पहिलं काय रेकॉर्ड केलं असेल तर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी रजनी, ग्राहकांच्या हक्कासाठी भांडणाऱ्या बाईची मालिका, ती बाई म्हणजे प्रिया. कॅसेटच्या मागची ती प्लास्टिकची छोटी टीप असते ना, ती तोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही, ती पण तिने तोडून ठेवलेली, म्हणजे बाबा त्याच्यावर मॅच टेप करतील ही भीतीच नको. दुसऱ्या कॅसेटवर नव्वदच्या दशकातला प्रियाचा टॉक शो आणि तिसऱ्यावर हम पांच ही विनोदी मालिका.

आधी मी दुसऱ्याच एका ठिकाणी गेले होते, तिथल्या मुलाने नुसतं वरून बघून "बुरशी लागलीय ताई, टाकून द्या" म्हणून परत दिल्या. मला रडूच यायचं बाकी होतं. मग मैत्रिणीने हे दुकान सांगितलं. इथल्या काकांनी कॅसेटची झडप उघडून दिव्याखाली धरली आणि मलाच दाखवलं, रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसते ती बुरशी, मुंबई ठाण्याच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या कॅसेटला ती लागतेच. तशीच मशीनमध्ये घातली तर ती टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेट पण खराब होते. म्हणून खालचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घ्यायची, टेप हळूहळू पुसायची आणि दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवायची, मग चालवायची. आणि कॉपी करताना फास्ट वगैरे काही नसतं, तीन तासांची कॅसेट पूर्ण तीन तास चालवावी लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे यांच्याकडच्या मशीन जुन्याच, एकातले पार्ट दुसऱ्यात घालून चालवलेल्या.

चिठ्ठी वाचून काका म्हणाले, ही विजय तेंडुलकरांची मुलगी ना? तिथून आमच्या गप्पा सुरू झाल्या आणि अर्धा तास कसा गेला कळलंच नाही. बहुतेकांना ती एकदम रजनी म्हणूनच आठवते, पण तिचा प्रवास किती वळणांचा होता. १९५४ चा जन्म, कोवळ्या वयातच हयवदन नाटकात बाहुली झाली होती. १९७४ च्या अंकुरमध्ये ती आहे, अनंत नागच्या बायकोचं काम. एवढ्या मोठ्या नाटककाराची मुलगी आणि बेनेगलांचा सिनेमा, पण त्यानंतर काही रांग लागली नाही दारात, हॉटेलात रिसेप्शनला काम केलं, एअर होस्टेस होती, मॉडेलिंग केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण रजनी जेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलते तेव्हा ती बाई स्वतः कधीतरी काउंटरच्या आत उभी राहिलेली होती.

पेनड्राइव्ह घरी आणून टीव्हीला लावला आणि आईला समोर बसवलं, आधी रजनी. चित्र थोडं हलतं, खाली एक पट्टी येते जाते, लाल रंग पसरतो, पण आवाज स्वच्छ. आणि तो आवाजच तर हवा होता! दिग्दर्शक बासू चटर्जींनी तिला कुठेही हिरॉईन करून ठेवलेली नाही, साधी साडी नेसलेली मध्यमवर्गीय घरातली बाई, नवरा नको गं भानगडीत पडू म्हणतोय आणि ही निघालीच. नवऱ्याचं काम करण राजदानने केलंय, त्यांचं पुढे १९८८ ला खरंच लग्न झालं आणि काही वर्षांनी ते वेगळेही झाले. तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा पण यायचा होता, तो १९८६ चा. मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना १९७५ पासून होती म्हणा, पण घराघरात बायकांना "बिल द्या" असं म्हणायचं धाडस या मालिकेने दिलं, हे मी माझ्या आईकडे बघून सांगते. गॅस सिलिंडरवाले चिडले, टॅक्सीवाल्यांनी तर तिच्या विरोधात मोर्चा काढला होता, एका मालिकेतल्या बाईवर! म्हणजे किती खोल लागलं असेल.

पण तीनही कॅसेट सलग बघितल्यावर मला वाटतं तिचं जास्त मोठं काम तो टॉक शो होता. रजनीला संवाद लिहून मिळत होते, इथे समोर खरी माणसं, खरा राग, आणि प्रिया मध्ये उभी राहून समोरचा टाळायला लागला की तोच प्रश्न परत विचारते, शांतपणे. आत्ताच्या टीव्हीवरच्या ओरडाओरडीनंतर हे बघताना फार बरं वाटलं. तिचं लिखाणही असंच आहे, स्पष्ट आणि मायेचं. ज्याचा त्याचा प्रश्न हा तिचा कथासंग्रह मी कॉलेजात वाचलेला, लायब्ररीत मिळाला तर जरूर घ्या.

तिसऱ्या कॅसेटला मात्र आई म्हणाली, "मला एकटीला बघू दे." हम पांचमध्ये अशोक सराफांच्या पहिल्या बायकोचं काम प्रियाने केलं होतं, वारलेली बायको, भिंतीवरच्या फ्रेममधून नवऱ्याशी बोलणारी. १९९५ ला आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसायचो. मग १९ सप्टेंबर २००२ ला बातमी आली, कॅन्सरशी लढत होती आणि हार्ट अटॅकने गेली, वय ४७. त्या दिवशी आईने ही कॅसेट कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली ती ठेवलीच, तिला ती फ्रेम बघवायची नाही. परवा दार लोटून दोन भाग बघितले तिने, बाहेर आली आणि म्हणाली, "हसले गं मी." मला एवढंच पुरलं.

आता दुकानाचं. एका कॅसेटचे चारशे रुपये, बुरशी साफ करायचे दीडशे वेगळे, हे आधीच सांगतात. आईने सांगितल्याप्रमाणे पक्कं बिल मागितलं, लगेच दिलं, कॅसेटचा नंबर घालून. एक स्टार कापला तो वेळेसाठी, आठ दिवस म्हणाले आणि तीन आठवडे लागले, दोनदा हेलपाटा पडला, फोन करून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. टॉक शोच्या कॅसेटमधली साधारण सात मिनिटं गेली, टेप तिथे चुरगळली होती, पण त्यांनी ते लपवलं नाही, कुठून कुठपर्यंत गेलंय ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि त्या कॅसेटचे शंभर रुपये कमी घेतले. मूळ कॅसेट परत देतात, नवीन डब्यात घातलेल्या, जुन्या डब्यावरची आईची चिठ्ठी सुद्धा सोडवून परत चिकटवली होती, हे मी सांगितलेलं पण नव्हतं.

कोणाच्या घरी असतील तर एवढं करा, घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघायच्या भानगडीत पडू नका, उभ्या ठेवा, कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्याआधी घेऊन जा. सोमवारी बंद असतं. मावशीसाठी अजून एक पेनड्राइव्ह करायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.