हेन्री मेडच्या तीन इमारती: नागपूरचं हायकोर्ट आणि दिल्लीतली दोन कॅथेड्रल

हेन्री मेड या वास्तुविशारदाचं सगळ्यात पक्कं काम पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. ते आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारत. नवी दिल्ली उभी राहत असताना लट्यन्स आणि बेकर यांच्याबरोबर काम करून तयार झालेला हा माणूस. दिल्लीत त्याची दोन मोठी चर्च आहेत आणि गाइड लोक ती आवर्जून दाखवतात. पण तिन्ही इमारती एकाच नजरेने पाहिल्या, म्हणजे ऊन, पाणी आणि माणसांची वर्दळ त्या कशा पेलतात एवढंच पाहिलं, तर नागपूरची इमारत सरस ठरते.

आधी आकडे, कारण या इमारतीचं बरंचसं मर्म आकड्यांतच आहे. कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी उद्घाटन केलं. तीन वर्षांत काम पुरं. खर्च ७,३७,७४६ रुपये. बाहेरून माप ४०० फूट बाय २३० फूट, म्हणजे मधला बगिच्याचा चौक धरून ९२,००० चौरस फूट. पायाच्या दर चौरस फुटाला साधारण आठ रुपये पडले. घुमटाचं टोक जमिनीपासून १०९ फुटांवर, बाकीची इमारत ५२ फूट.

यातला ५२ हा आकडा नीट पाहा. एवढ्या उंचीत मजले फक्त दोन. आजच्या फ्लॅटच्या हिशोबाने तिथे पाच मजले निघाले असते. ही उंची निव्वळ रुबाबासाठी ठेवलेली नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. उंच खोलीत गरम हवा डोक्याच्या खूप वर जमते आणि वरचे झरोके उघडे असले तर तिथूनच निघून जाते. म्हणून अशा जुन्या सरकारी इमारतीत फॉल्स सीलिंग टाकणं म्हणजे दुहेरी नुकसान: ही उंची वाया जाते, आणि वरच्या स्लॅबमधली गळती दिसेनाशी होते. डाग पडेपर्यंत पाणी कुठून आलं हे कळत नाही.

मधल्या चौकाचंही तसंच. वाड्यात राहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. सभोवतीच्या खोल्यांना दोन बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी दिलेली बाग कूलरचं काम करते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र हा उपाय चालत नाही, जसा कूलरही चालत नाही. त्या दिवसांत भिस्त फक्त आरपार वाऱ्यावर, आणि कपाटं व फायलींचे गठ्ठे खिडक्यांपुढे रचले की तोही बंद.

पाहायचं कुठून? घुमटासाठी भिंतीजवळ उभं राहून मान वर करू नका. ५२ फुटांवरचा कठडा मध्ये येतो आणि घुमट पार झाकला जातो. साधा नियम असा की उंचीच्या दुप्पट अंतरावर जायचं, म्हणजे इथे सव्वादोनशे फूट. तिथून घुमट आणि खालची आडवी लांबी यांचा तोल एका दृष्टीत कळतो. फोनच्या नेहमीच्या लेन्समध्ये ४०० फुटांची पूर्ण बाजू बसवायची तर जवळजवळ ३०० फूट मागे जावं लागेल. वाइड लेन्स लावली तर कोपरे ताणले जातात आणि घुमट बसका दिसतो, ते टाळा. दगडासाठी सकाळचं पहिलं किंवा संध्याकाळचं उतरतं ऊन धरा. डोक्यावरच्या उन्हात वाळूच्या दगडाचा कण आणि टाकीचे घाव दोन्ही सपाट पडतात. हे चालू न्यायालय आहे हे लक्षात ठेवा: ओळखपत्र जवळ ठेवा, कॅमेरा काढण्याआधी गेटवर विचारा, आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहूनच निघा.

व्हाइसरॉयने उद्घाटनाच्या वेळी या इमारतीला दगडातलं काव्य म्हटलं होतं. ते काव्य टिकवायचं तर दगड कसा खराब होतो हे आधी कळायला हवं. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नागपुरात वाळूच्या दगडाच्या जुन्या इमारती अनेक आहेत आणि एकच चूक सगळीकडे होते.

वाळूचा दगड सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी पितो, मग सुकतो. सांधे चुन्याचे असले तर ओल त्यांतून बाहेर पडते, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि मोकळा असतो. खराब व्हायचं ते चुन्यानेच, दगड वाचतो. दुरुस्तीच्या नावाखाली त्याच सांध्यांत सिमेंट भरलं की हिशोब उलटतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि घट्ट असल्याने ओल अडते आणि दगडाच्या तोंडावाटे निघू लागते. सोबतचे क्षार पृष्ठभागाच्या थोडे आत साचून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी करडा सिमेंटचा सांधा पुढे आलेला आणि दोन्ही बाजूंचा दगड आत गेलेला, असं चित्र दिसतं. कुठल्याही जुन्या दगडी भिंतीजवळ गेलात की आधी हेच पाहा. चुन्याचा सांधा पांढरट, मळकट आणि दगडापेक्षा किंचित आत असतो. सिमेंटचा करडा आणि गुळगुळीत असतो.

बरोबर पद्धत अवघड नाही, तिला वेळ लागतो एवढंच. जुनं सिमेंट हातोडी आणि पातळ छिन्नीने काढायचं, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि निदान एक इंच खोल. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. उभ्या सांध्यात तो हमखास घसरतो आणि दगडाची कड कापतो, आणि ती कड पुन्हा येत नाही. मग धूळ झटकून सांधा ओला करायचा. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली रेती. मसाला दाबून थरांनी भरायचा आणि दगडाच्या कडेपासून जरा आत ठेवायचा. वर ओलं गोणपाट, निदान सात दिवस. नागपुरात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करावं. एप्रिल-मेमध्ये चुना धरायच्या आधीच सुकतो आणि बोट लावलं तर भुगा होतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो. टेंडरची मुदत मार्चअखेर असली की नेमकी घाई होते आणि गवंडी मुकाट्याने चुन्यात सिमेंट मिसळतो. दोष एकट्या गवंड्याचा नाही, वेळापत्रक ठरवणाऱ्याचाही आहे.

बाकी शत्रू लहान पण चिवट. एसीची पाण्याची नळी भिंतीवर सोडली की तिथे हिरवा ओघळ, मग शेवाळ. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप वीतभर असताना मुळासकट उपटायचं. वरून कापलं तर मूळ आत जाडच होत राहतं. बागेचं पाणी जोत्यापासून दोन-तीन फूट लांब ठेवायचं. आणि दगडावर चकचकीत पारदर्शक लेप नको, तो ओल आत कोंडतो.

आतल्या ओवऱ्यांना आणि कचेऱ्यांना पॉलिश केलेली शहाबादी फरशी आहे. माझ्या मते या इमारतीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय. पायाला गार, हजारो चपलांची ये-जा सोसणारी, आणि झिजली तरी ओंगळ न दिसणारी. तिचं एकच वावडं आहे: अ‍ॅसिड. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. संडास धुवायच्या क्लीनरचा थेंब पडला तर फेस येतो आणि तेवढी जागा कायमची पांढुरकी, खरखरीत होते. साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण, एवढंच तिला पुरतं.

आता दिल्ली. राष्ट्रपती भवन आणि संसदेच्या जवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९३५ मध्ये पुरं झालं. सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याच्या व्हेनिसमधल्या इल रेदेन्तोरे चर्चचा त्यावर प्रभाव आहे. सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रो स्टेशन जवळ पडतं. इथे मेडने ऊन अडवायला भिंतीचा जाडपणा आणि लहान, उंचावरच्या खिडक्या वापरल्या. उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मग कमानीच्या छताची उंची हळूहळू उलगडते. बाहेरून एकावर एक चढत जाणारे दगडी ठोकळे पाहिले की नागपूरच्या घुमटाची पूर्वतयारी दिसते. प्रार्थनेसाठी अंधार शोभतो. पण हीच युक्ती कोर्टात चालली नसती, तिथे कागद वाचायचे असतात. म्हणून नागपुरात चौक आला, आणि हाच मेडचा खरा पुढचा टप्पा.

गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल त्याच वर्षांतलं. लाल वीट, पुढे फिकट रंगाचे उंच खांब, दोन बाजूंना दोन मनोरे. समोरून पाहायला देखणं, फोटोला तर फारच. पण इमारतीला वळसा घातला की समोरचा तोरा बाजूंना उरत नाही. सगळा भर दर्शनी भागावर गेला आहे. रिडेम्प्शन चारही बाजूंनी तितकंच भारदस्त दिसतं. वेळ कमी असेल तर तेच निवडा. दोन्ही ठिकाणी रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पाहुण्यासारखं फिरू नये.

नागपुरातच तुलना करायची असेल तर सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे. १८५१ मध्ये लेफ्टनंट सँकी या लष्करी इंजिनिअरने ते बांधलं. पुढे बंगळुरूची अठारा कचेरी, म्हणजे आजची कर्नाटक उच्च न्यायालयाची इमारत, उभारणारा सँकी तो हाच. १८७९ मध्ये इंग्लंडचा वास्तुविशारद जॉर्ज बॉडली याने ते वाढवलं. आकाराने लहान, गॉथिक वळणाचं. आधी ते पाहा आणि मग सिव्हिल लाइन्सला या. सदरमध्ये विलायतेचा नमुना आपल्या उन्हात आणून ठेवलेला दिसतो, हायकोर्टात उन्हाचाच विचार करून नमुना आखलेला. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरे, उन्हाळ्यात मात्र दहाच्या आत आटपा.