कॉन्टेसा: जुनी १.५ की इसुझूची १.८?

ठाण्यातल्या भाच्याला हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा गाडीच हवी आहे. १९८४ च्या सुमाराची १.५ लिटर इंजिनवाली घ्यायची की नंतरची, इसुझू या जपानी कंपनीच्या इंजिनाची १.८ लिटर क्लासिक, इथे घोडं अडलंय.

ताकदीत तुलनाच नाही. पहिल्या कॉन्टेसात अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ५० अश्वशक्ती. एवढं धूड त्याला झेपत नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर एसी लावा, मागचा टेम्पोवालासुद्धा हॉर्न मारेल. १.८ ला ८८ अश्वशक्ती आणि पाचवा गिअर, त्यामुळे हायवेवर इंजिन निवांत. ही गाडी असते कशासाठी, लांब पल्ल्यासाठीच ना?

सुट्या भागांत मात्र १.५ सरस. अँबॅसडरवर हात बसलेला कुठलाही जुना मेकॅनिक ती उघडेल. इसुझूचे भाग शोधत फिरावं लागतं.

गंजाला दोघी सारख्याच. डिकीतलं मॅटिंग उचलून स्टेपनीखालचा पत्रा चावीने टोकरून बघा. चकाचक पॉलिशला भुलू नका. कागदपत्रं अर्धवट असतील तर कुठलीच नको.

रविवारी तलावपाळीला चक्कर आणि मूळ रूपाची हौस, तर १.५. घरच्यांना घेऊन महाबळेश्वर गाठायचं, तर १.८. भाच्याला मी १.८ च घ्यायला सांगितलंय.