बोटीवरच्या ब्लॅकजॅकचे नऊ महिने: पाटी नंतर वाचा, आधी कट कार्ड बघा

गेल्या सप्टेंबरपासून मेअखेरपर्यंत मी इलिनॉय, इंडियाना, आयोवा आणि मिसूरीतल्या बोट-कॅसिनोंत ४१ वेळा जाऊन साधारण १४० तास ब्लॅकजॅक (पत्त्यांची बेरीज २१ न ओलांडता कॅसिनोच्या डीलरपेक्षा पुढे जायचा खेळ) खेळले, तेही पत्ते मोजून. राहायला शिकागोजवळ नेपरव्हिलला आहे, दिवसा नोकरी आहे, आणि या खेळासाठी नवरा-बायकोंनी मिळून २० हजार डॉलर वेगळे काढले होते. ते सगळे गेले तरी घराचा हप्ता थांबणार नाही असे पैसे. तशी सोय नसेल तर पुढचं माहितीपुरतं वाचा, टेबलावर बसू नका.

पत्ते लक्षात ठेवायची सवय मिरजेतली. मे महिन्यात दुपारी मेंढीकोट चालायचा, आणि आजी मधेच डाव थांबवून विचारायची, "किती दश्श्या गेल्या?" उत्तर चुकलं की भिडू बदलायची. इथे पत्ते मोजायची हाय-लो पद्धत शिकताना मला ती दुपारच आठवली. दुर्री ते छक्की बाहेर पडली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की वजा एक. बेरीज वाढली म्हणजे उरलेल्यांत मोठे पत्ते जास्त, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे. ही बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची, म्हणजे ट्रू काउंट. तो एकाने वाढला की खेळणाऱ्याची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. सहा कॅटांच्या खेळात सुरुवातीला कॅसिनो साधारण तेवढाच पुढे असतो, म्हणजे अधिक एकला बरोबरी होते आणि अधिक दोनच्या आसपास पारडं आपल्याकडे झुकू लागतं. तीन महिने मी ओट्यावर सहा कॅट पिसून सराव केला. एक कॅट ३० सेकंदांच्या आत बिनचूक मोजता येईपर्यंत घराबाहेर पडले नाही.

सुरुवातीला माझ्याकडे नियमांची वही होती. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) थांबतो की पत्ता घेतो, सरेंडर (अर्धी पैज सोडून डाव टाकणं) आहे का, एक्के पुन्हा स्प्लिट करता (जोडीचे दोन डाव करता) येतात का, असं सगळं त्यात लिहायचे आणि त्यावरून कॅसिनोंना क्रम द्यायचे. नोव्हेंबरपर्यंत तो क्रम साफ चुकीचा निघाला.

टेबलावरच्या नियमांच्या पाटीवर सगळ्यांत छान दिसणारं टेबल मिसूरीत, सेंट लुईसच्या बाजूला मिळालं. डीलर सॉफ्ट १७ वर थांबणारा, स्प्लिटनंतर डबल (पैज दुप्पट करायची मुभा), सरेंडर, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी १५ डॉलरला बसता येईल असं. सव्वाचार तास गाडी हाकून गेले. डीलरने सहा कॅट पिसले, माझ्यापुढे पिवळं प्लॅस्टिकचं कट कार्ड धरलं, मी काटलं. मग तेच कार्ड त्याने मागून सरळ दोन कॅट सोडून खुपसलं. वाटताना ते कार्ड आलं की पत्ते पुन्हा पिसतात. म्हणजे ३१२ पत्त्यांतले शंभराहून जास्त पत्ते कधी बाहेर येणारच नाहीत. मला वाटलं, या डीलरची सवय असेल. दोन दिवसांत सात डीलर बघितले, सगळ्यांची जागा तीच. तिथला नेमच तसा होता.

याने एवढं काय बिघडतं? समजा बेरीज अधिक आठ झाली आहे. चार कॅट उरले असतील तर ट्रू काउंट फक्त दोन. दीड कॅट उरला असेल तर तोच पाचच्या पुढे. मोठी पैज लावायची वेळ शूच्या (पत्ते वाटायच्या पेटीच्या) शेपटाकडे येते, आणि दोन कॅट मागे ठेवणारा कॅसिनो नेमकं ते शेपूटच छाटून टाकतो. सरेंडरने वाचणारा टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा याची भरपाई करत नाही. दोन दिवसांत मी १५० डॉलरची पैज किती वेळा लावली असेल? चार वेळा. बाकी वेळ १५-१५ डॉलर लावत, कॅसिनो पुढे असलेला खेळ मी निष्ठेने खेळत बसले होते.

तेव्हापासून नवीन ठिकाणी गेले की पहिली वीस मिनिटं बसत नाही. टेबलामागे उभी राहून टाकलेल्या पत्त्यांचा डबा बघते. एक कॅट साधारण दीड-पावणेदोन सेंटिमीटर उंच होतो. सरावाने नजरेला अर्ध्या कॅटचा फरक कळतो. पिसायच्या वेळी डब्यात पाच कॅट असले तर थांबते. साडेचार असले तर बाकीचं जमेल तसं बघते. चारच असले तर कॉफी घेऊन गाडीत. एकच पाटी मात्र त्याआधी वाचायची, ती म्हणजे ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले की) ३:२ देतात की ६:५. वीस डॉलरवर ३० मिळायचे तिथे २४. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे हा एकच नियम जवळजवळ १.४ टक्के खातो. पत्ते कितीही शेवटपर्यंत वाटत असले तरी तो खेळ सोडून द्यायचा. पाटी नीट वाचा, कारण ६ हा आकडा ३ पेक्षा मोठा म्हणून ६:५ च बरं, असं टेबलावर माझ्या शेजारच्याने मला मनापासून समजावलं होतं.

इलिनॉयच्या नदीवरच्या बोटी माझ्या घराला सगळ्यांत जवळ. तिथला त्रास वेगळाच, टेबलंच मोजकी. याचं मूळ कायद्यात आहे. १९९० च्या कायद्याने एका परवान्याला १,२०० खेळायच्या जागांची मर्यादा घातली, आणि ती २०१९ पर्यंत टिकली. जागा मोजून मिळणार असतील तर मालक तिथे स्लॉट मशीन ठेवणार की डीलर, पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) आणि पाच खुर्च्या? म्हणून मला जाता येतं त्या बोटीवर ३:२ ची टेबलं मंगळवारी संध्याकाळी तीन, शनिवारी सहा, तीही २५ डॉलरपासून पुढे. स्वस्त टेबलं सगळी ६:५. पण कट कार्ड? मागून सव्वा कॅटवर, आणि दोन जुने डीलर एक कॅटवरच घालतात. सॉफ्ट १७ वर पत्ता घेणारा डीलर, सरेंडर नाही, पाटी बघून कुणी वळूनही बघणार नाही. माझे सगळ्यांत चांगले तास तिथेच गेले. २००८ पासून इलिनॉयच्या कॅसिनोंत आत सिगारेटला बंदी आहे, हेही चार तास बसणाऱ्याला कमी नाही.

त्या बोटीवर मूळचे डोंबिवलीचे एक काका भेटले. नव्वदच्या दशकापासून येतात. तेव्हा बोट खरोखर सुटायची, नदीत फिरून यायची. १९९९ च्या कायद्यानंतर धक्क्याला बांधूनच खेळ चालू झाला. काका म्हणाले, "अगं, तेव्हा टेबल वाईट लागलं तर उठून जाणार कुठे? बोट धक्क्याला लागेपर्यंत तिथेच." मी म्हटलं, "काका, मग तुम्ही काय करायचात?" तर म्हणाले, "जेवायचो." काकांनीच आयोवाचीही गोष्ट सांगितली. तिथे १ एप्रिल १९९१ ला पहिल्या बोटी सुरू झाल्या तेव्हा एका डावाला ५ डॉलर आणि एका फेरीला २०० डॉलर नुकसान एवढीच मुभा होती. पैज वाढवताच येत नसेल तर मोजून करायचं काय! आयोवातल्या बेटनडॉर्फची 'डायमंड लेडी' ही बोट पुढच्याच वर्षी मिसिसिपी राज्यात निघून गेली, आणि आयोवाने १९९४ मध्ये त्या मर्यादा काढल्या. मिसूरीचीही दोन तासांना ५०० डॉलरची अट २००८ च्या मतदानात गेली.

आज आयोवात परिस्थिती चांगली आहे. मिसिसिपी नदीकाठच्या क्वाड सिटीज या शहरांच्या बाजूला मी पाच वेळा गेले, प्रत्येकी सव्वादोन तास गाडी. दोन कॅटांचा हातात धरून वाटायचा खेळ, २५ डॉलर, निम्म्याच्या थोडं पुढे पिसायचे. गर्दी नसली की तासाला दीडशे डाव निघतात, भरलेल्या टेबलावर सत्तर निघाले तरी खूप. हा डावांचा वेग मी सुरुवातीला हिशोबात धरलाच नव्हता. चांगलं टेबल पण सात माणसं भरलेलं, आणि मध्यम टेबल पण मी एकटीच, यात मी आता डोळे मिटून दुसरं घेते.

इंडियानात मिशिगन सरोवराच्या काठाला टेबलं भरपूर. नाव रिव्हरबोट, पाणी तळ्याचं, आणि काही आता सरळ जमिनीवर. खेळ ठीक, कट कार्ड दीड कॅटवर, कधी कमी कधी जास्त. धूर फार, तिथे कॅसिनोंना धूम्रपानबंदीतून सूट आहे आणि घरी आल्यावर ओढणीला दोन दिवस वास राहतो. पण इंडियानाबद्दल महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पत्ते मनात मोजणं गुन्हा नाही, कुठेच नाही. पण मोजणाऱ्याला खेळू द्यायचं की नाही हे राज्यागणिक बदलतं. पत्ते मोजणारा नामवंत खेळाडू केन उस्टन याच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटलं की नुसतं मोजतो म्हणून कॅसिनोला त्याला बाहेर काढता येणार नाही. इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उलट निकाल दिला: कॅसिनो खाजगी जागा आहे, मालक नाही म्हणू शकतो.

फेब्रुवारीत तो निकाल माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तळ्याकाठच्या एका कॅसिनोत (नाव लिहीत नाही) ट्रू काउंट चार होता, माझे २०० डॉलर मांडलेले. सूटातले एक गृहस्थ मागून आले, डीलरला थांबवलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा खेळ आमच्यासाठी जरा जास्तच चांगला आहे. बाकी काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको." मांडलेली पैज परत दिली. मी भांडले नाही, चिप्स वटवल्या आणि निघाले. पार्किंगमध्ये मात्र हात थरथरत होते. आयुष्यात कुणी मला कुठून उठवलं नव्हतं, आणि चूक काय तर बेरीज केली. राग अजून आहे. पण चूक माझीही होती: त्या आठवड्यात मी एकाच शिफ्टला तीन दिवस गेले होते, आणि २५ वरून थेट २०० वर उडी मारत होते.

यातूनच लहान बोटींचा मोठा प्रश्न कळतो. तीन टेबलं, तेच दोन पिट बॉस, त्यात साडेपाच फुटी भारतीय बाई एकटी. चेहरा लक्षात राहायला दोन फेऱ्या पुरतात. म्हणून माझ्या आवडत्या इलिनॉयच्या बोटीवर मी महिन्यात दोनदाच जाते, ५० मिनिटांत उठते, आणि शूच्या मधे पैज दुपटीपेक्षा जास्त वाढवत नाही. यात कमाई घटते. पण ती जागा नऊ महिने टिकली आहे.

आता पैशांचं. माझ्या पैजांच्या हिशोबाने तासाला १५ ते २० डॉलरची अपेक्षा होती, म्हणजे १४० तासांत अडीच हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात मी १,१८० डॉलर खाली आहे. पेट्रोल आणि टोल वेगळे. जानेवारीत तर ६,९०० खाली होते आणि आठवडाभर झोप नीट लागली नाही. पण एवढ्या तासांत एका बाजूला आठ हजारांपर्यंतचं वरखाली अगदी साधं आहे, त्यामुळे या आकड्यावरून माझा खेळ बरोबर की चूक हे ठरत नाही. म्हणून मी पैशांऐवजी चुका लिहिते: माझे १६ आणि डीलरची दश्शी असताना कधी थांबायला हवं होतं, ट्रू काउंट तीनला इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी पैज) घेतला की विसरले. सप्टेंबरात तासाला सहा-सात चुका होत्या, मेमध्ये एखादी.

करही ध्यानात ठेवा. २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच केंद्रीय करात वजा होतात, तेही वजावटी एकेक मांडून भरणाऱ्यांना. वर्षात २० हजार जिंकले आणि २० हजार हरले तर हातात शून्य, आणि कर २ हजारांवर. आमच्यासारख्या बारीक कमाईच्या खेळाला हा ६:५ इतकाच जड आहे. प्रत्येक बैठकीची तारीख, ठिकाण, आत-बाहेर रक्कम लिहून ठेवा.

नातेवाईक विचारतात, मग गोव्याला मांडवीतल्या जहाजांवर का नाही? डिसेंबरात सुट्टीवर असताना एक रात्र गेले. तिथे दारातच प्रवेशाच्या पॅकेजचे पैसे द्यावे लागतात, त्यात जेवण आणि पेयं येतात. सहलीला छान. पण तासाला पंधरा-वीस डॉलरच्या अपेक्षेवर जगणाऱ्याचा दिवस दारातच संपतो.

पुढचे सहा महिने मिसूरी बंद. आयोवाला महिन्यातून एकदा, शक्यतो बुधवारी सकाळी. इंडियानात ज्यांनी उठवलं तिथे पाऊल नाही. शेजारच्या कॅसिनोचं कट कार्ड पुन्हा बघून यायचं आहे. आणि इलिनॉयच्या बोटीवर मंगळवारी संध्याकाळी ते दोन जुने डीलर असतात. त्यातल्या बाई गेल्या वेळी पिवळं कार्ड खुपसताना थांबल्या, बोटाने जरा मागे सरकवलं, आणि शेवटचा जेमतेम एक कॅट मागे राहिला. मी २५ डॉलर मांडले.