लहान घोड्यांचा तबेला, कुंपण आणि गव्हाण: नागपुरातून घेतलेल्या तयार संचाचा वर्षभराचा अनुभव

काटोल रस्त्याला असलेल्या आमच्या शेतावर दोन मिनिएचर घोडे आहेत, एक घोडी आणि एक खच्ची केलेला घोडा. गेल्या वर्षी मार्च महिन्यात त्यांच्यासाठी नागपुरातील एका विक्रेत्याकडून निवारा, कुंपण आणि चाऱ्यापाण्याची मांडणी असा तीन भागांचा तयार संच बसवून घेतला. शेडचे ८६ हजार, २६० फूट कुंपणाचे ४७ हजार आणि खाण्यापिण्याच्या साहित्याचे साडेबारा हजार, असे एकूण १ लाख ४५ हजार ५०० रुपये लागले. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू या संचावरून गेल्यानंतरच लिहायचे, असे ठरवले होते, कारण आपल्याकडे कोणत्याही बांधकामाची खरी परीक्षा मे आणि जुलै हे दोन महिने घेतात. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष सांगायचे आहेत, तसे चांगले कामही सांगायचे आहे आणि हे दोष त्या एकट्याचे नाहीत. गाय, शेळी आणि मोठा घोडा यांच्यासाठी ठरलेली मापे थोडी कमी करून छोट्या घोड्याला लावायची, ही रीत मला बहुतेक दुकानांत दिसली.

प्रथम प्राण्याच्या आकाराविषयी सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नोंदवहीत ३४ इंचांपर्यंतच्याच घोड्याला जागा मिळते आणि ही उंची खांद्याच्या उंचवट्यावर नव्हे, तर आयाळीचे शेवटचे केस उगवतात तेथे मोजतात. आमची घोडी ३२ इंच आणि घोडा ३३ इंच आहे, वजन नव्वद ते शंभर किलोच्या दरम्यान. म्हणजे उभ्या घोड्याचे नाक जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असते आणि बसल्यावर तर फूटभरावर येते. शेड आखताना ही एक गोष्ट लक्षात घेतली असती, तर पुढची अर्धी डागडुजी टळली असती.

शेड १२ बाय २० फुटांचे आहे आणि मध्ये आडभिंत घालून त्याच्या दोन खोल्या केल्या आहेत. जागा पुरेशी आहे, किंबहुना सढळ आहे, कारण मोठ्या घोड्याला १२ बाय १२ ची खोली लागते, तर या आकाराच्या घोड्याचे ८ बाय ८ मध्येही भागते. लोखंडी सांगाडा मजबूत आहे, वेल्डिंग स्वच्छ आहे आणि जून महिन्यातल्या वादळात पत्र्याचा एक हूकही ढिला झाला नाही, हे मान्य करायलाच हवे. चूक झाली ती दिशा आणि हवा या दोन गोष्टींत. रस्ता पश्चिमेला आहे, म्हणून शेडची मोकळी बाजू विक्रेत्याच्या माणसांनी पश्चिमेला ठेवली आणि मीही तेव्हा काही बोललो नाही. एप्रिल संपता संपता दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट आत यायला लागले. ज्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेथे शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि उघडी बाजू उत्तरेला घ्यावी, हे सांगण्यासाठी अभियंत्याची गरज नाही. जुन्या गोठ्यांकडे पाहिले तरी पुरते.

दुसरी चूक अधिक बारीक आहे. हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या जाळ्या सात फुटांवर आहेत आणि आडभिंत साडेचार फुटांपर्यंत अखंड पत्र्याची आहे. माणूस आत उभा राहिला, तर त्याला वारा लागतो; घोड्याला लागत नाही. लघवीने भिजलेल्या अंथरुणातून उठणारा अमोनिया खालच्या थरात साचतो. सकाळी सातला मी दारात उभा असताना मला काहीच जाणवत नसे, पण एकदा पाण्याचे भांडे उचलायला खाली वाकलो आणि डोळ्यांत चटकन पाणी आले. घोड्याचे तोंड रात्रभर त्याच उंचीवर होते आणि त्याला खोकला येत होता. शिवाय दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नसल्याने घोडी रात्री पाय आपटत राही. शेवटी आडभिंतीचा वरचा भाग कापून अडीच फुटांवर आडवे पाइप टाकले आणि मागच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर उंचीवर जाळीच्या दोन खिडक्या काढल्या. त्यानंतर खोकला आणि पाय आपटणे, दोन्ही थांबले.

पत्र्याच्या कडांविषयी मात्र मला स्पष्ट तक्रार नोंदवायची आहे. भिंतीचा पत्रा जमिनीपासून सहा इंच वर संपतो आणि त्याची खालची कड दुमडलेली नव्हती. मोठ्या घोड्याच्या बाबतीत ती खुरापाशी राहिली असती; आमच्या घोडीचा मात्र लोळता लोळता मागचा पाय त्याखाली गेला आणि घोट्यावर दोन इंचांची जखम झाली. घोड्याची जात धनुर्वाताला फार लवकर बळी पडते, त्यामुळे लस वेळेवर दिलेली होती, हे नशीब. तक्रार केल्यावर विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून सगळ्या कडांवर फाडलेला रबरी पाइप चढवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तत्परतेचे गुण द्यावेच लागतील, पण घोड्यासाठी म्हणून विकलेल्या शेडमध्ये ही कड मुळात उघडी असायला नको होती.

उन्हावर जे उपाय शेवटी उपयोगी पडले, ते संचातले नव्हते. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेला तुराट्यांचा कुड उभा केला आणि कूलरला लावतात त्या वाळ्याच्या ताट्या त्याच्या आतून बांधून दुपारी तीनदा भिजवल्या. घोड्याच्या नाकाच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकात भर दुपारी तीन-चार अंशांचा फरक दिसत असे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस, संपून हवेत दमटपणा आला, की ताट्या भिजवणे बंद करावे, कारण मग गारवा येत नाही, नुसती घुसमट वाढते.

कुंपण हा या संचातला सर्वांत चांगला भाग आहे. पाच फुटी, दोन इंची चौकटीची जस्ताचा मुलामा दिलेली साखळी जाळी, दर आठ फुटांवर सिमेंटचा खांब आणि वर आडवा पाइप अशी रचना आहे. ती बसवत असताना एक मजूर म्हणाला, "भाऊ, हे जनावर तर बकरीएवढं आहे, याले कायले एवढी उंच जाळी?" प्रश्न रास्त होता. घोड्यासाठी चार फूट पुरे झाले असते. पाचवा फूट मोकाट कुत्र्यांसाठी आहे. मोठा घोडा लाथ मारून कुत्रा हाकलतो, पण नव्वद किलोच्या घोड्याला तीन-चार कुत्र्यांची टोळी खाली पाडू शकते. शहराच्या कडेच्या शेतांवर अशा टोळ्या रोज फिरतात. म्हणूनच जाळीची खालची कड जमिनीत सहा इंच गाडून तिच्यावर सिमेंटचा पट्टा ओतून घेतला आणि या वाढीव कामाचे दर विक्रेत्याने वाजवी लावले. चौकट दोन इंचांची असणे महत्त्वाचे आहे, कारण शेतीच्या कुंपणाला सर्रास वापरतात त्या मोठ्या चौकटीच्या जाळीत या घोड्यांचे खूर सहज आत जाते आणि मग घाबरलेला घोडा स्वतःचा पाय सोलून घेतो. मूळ अंदाजपत्रकात वर काटेरी तारेच्या तीन ओळी होत्या. त्या मी काढायला लावल्या. घोडा घाबरला की पुढे काय आहे ते न पाहता पळतो आणि काटेरी तारेच्या जखमा किती खोल जातात, हे ज्याने पाहिले आहे, तो ती घोड्याजवळ लावणार नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्याचे दोन खांब आत झुकले. कारण आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते आणि दीड-दोन फूट खड्ड्यात पुरलेला खांब प्रत्येक ऋतूत थोडा थोडा हलवते. ताणलेल्या जाळीचा सगळा ओढा कोपऱ्यावर येत असल्याने आधी तेच खांब गेले. विक्रेत्याने विनामूल्य पुन्हा काम केले. या वेळी साडेतीन फूट खोल खड्डा, तळाशी मुरूम, त्यावर काँक्रीट आणि दोन्ही बाजूंना तिरके टेकू दिले. त्यानंतर खांब हललेले नाहीत. काळ्या मातीत काम करून घेणाऱ्याने खड्ड्याची खोली करारातच लिहून घ्यावी. मोकळ्या आवारातली मातीही पावसाळ्यात चिखल होते आणि त्यात उभे राहून खूर कुजतात, म्हणून शेडपुढची पंधरा फुटांची पट्टी उकरून मुरूम भरून घेतली. तो खर्च संचाच्या बाहेरचा.

रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांना अडवण्यासाठी शेजारच्या शेतांना सौर झटका मशीन आहे. आम्हीही बाहेरच्या अंगाला जमिनीपासून दीड फुटावर तिची एक तार घेतली. प्रमाणित मशीनचा झटका क्षणभराचा असतो आणि तो जीव घेत नाही; विजेच्या खांबावरून थेट प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेली आहेत, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला मी वेगळे सांगायला नको.

आता खाण्यापिण्याची मांडणी, जिच्यासाठी दिलेले साडेबारा हजार रुपये जवळजवळ वाया गेले, असे मी म्हणेन. गव्हाण सव्वातीन फुटांवर बसवली होती. घोडा मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. आमचे दोघे त्या गव्हाणीसमोर मान वर ताणून, कडेवर हनुवटी टेकवून खात आणि कुटाराचा भुसा त्यांच्या डोळ्यांत व नाकपुड्यांत पडे. आठवडाभरात घोड्याचा डावा डोळा चिकटला. गव्हाण काढून टाकली आणि इतवारी बाजारातून रुंद रबरी घमेली आणून जमिनीवर ठेवली. थेट मातीवर चारा टाकू नये, कारण चाऱ्याबरोबर गेलेली वाळू आतड्यात साचून पोटशूळ होतो. सोबत आलेले चाऱ्याचे जाळे शेळ्यांचे होते आणि त्याची भोके एवढी मोठी होती, की दिवसभराचा चारा तासाभरात संपे. आता लाकडी खोक्यात वाळलेले गवत भरून त्यावर इंचभर चौकटीची, कडा घासलेली जाळी ठेवतो. ओठांनी काडी काडी ओढत दोघे चार-पाच तास गुंतून राहतात.

खरा घोटाळा संचाबरोबर दिलेल्या आहाराच्या तक्त्यात होता. प्रत्येकी दिवसाला दीड किलो चंदी, त्यात भरडलेला हरभरा, मका आणि गव्हाचा कोंडा, शिवाय हिरवा चारा पोटभर. मी तो तक्ता सहा आठवडे पाळला, ही माझी चूक. कापूस तोलायच्या काट्यावर घोडा ९४ किलोंवरून १०७ किलोंवर गेला आणि मानेवर आयाळीखाली चरबीची घट्ट वळकटी आली. ऑगस्टमध्ये आवारात कोवळे गवत माजले आणि एका सकाळी तो पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा असलेला सालदाराला दिसला. खुरांना हात लावला, तर ते गरम लागत होते. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून सल्ला घेतला. ती खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज होती आणि वेळीच लक्षात आल्यामुळे तो बचावला. तेथे एक महत्त्वाची सूचनाही मिळाली: चारा एकदम तोडू नका. लठ्ठ छोटा घोडा उपाशी राहिला, तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि तो आजार खुरांच्या सुजेपेक्षाही घातक ठरतो. त्यामुळे खुराक तीन आठवड्यांत हळूहळू उतरवला.

या घोड्यांना वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा पुरतो, म्हणजे आमच्या घोड्यांना दिवसाला पावणेदोन किलोच्या आसपास. आता मुख्य खाणे वाळलेले मारवेल आणि पवन्या गवत. चंदी म्हणजे खनिज मिश्रण चाटावे म्हणून दिलेला मूठभर भिजवलेला हरभरा. पावसाळ्यात चरायला दोनच तास सोडतो आणि तेही तोबऱ्यासारखी जाळी तोंडाला बांधून. विक्रेत्याने सुचवलेले संकरित नेपियर गवत बंद केले, कारण त्यातील ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियम अडवून ठेवतो आणि त्यात भर म्हणून फॉस्फरसने भरलेला गव्हाचा कोंडा दिला, तर घोड्याची हाडे पोकळ होऊन चेहरा सुजू लागतो. सोयाबीनचे जाड कुटारही देत नाही, कारण लहान घोड्याचे आतडे अरुंद असते आणि ते त्यात अडकते.

संचात एक चाटण्याची वीटही होती, युरिया आणि गुळाची. ती गुरांची आहे. गुरांच्या कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, जंतू युरियापासून प्रथिने घडवतात. घोड्याला कोठीपोट नसते. तिच्या जागी सैंधवाचा खडा टांगला. त्याच ओघात एक गंभीर इशारा देतो: कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि ते घोड्याच्या हृदयाला विषासारखे आहे. कोंबड्या आणि घोडे एकाच शेतावर असतील, तर पोती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत.

पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार नाही. ती फूटभर उंचीची आहे, बूच खाली आहे आणि धुवायला सोपी आहे. हिवाळ्यात एक घोडा पाच-सहा लिटर पितो, मे महिन्यात बारा-पंधरापर्यंत जातो; टाकी सावलीत ठेवली नाही, तर दुपारी कढत पाण्याला ते तोंडही लावत नाहीत.

दुसऱ्यांदा खरेदी केली, तर याच विक्रेत्याकडून कुंपण घेईन, शेड माझ्या आराखड्यावर बांधून घेईन आणि खाण्याचे साहित्य व तक्ता दुकानातच ठेवून येईन. तसे त्याला सांगितलेही. त्याने ऐकून घेतले, टेप काढला आणि आमच्या घोडीचे नाक उभे असताना व चरताना जमिनीपासून किती उंच येते, ते मोजून वहीत लिहून घेतले. जाताना त्याला फाटकाची कडीही दाखवली: साधी आडवी कडी, जी घोड्याने ओठांनी सरकवून दोनदा फाटक उघडले होते. आता तिथे स्प्रिंगचा हूक आहे, बाहेरच्या अंगाला आणि खाली, घोड्याचे तोंड न पोचेल असा.